मंडळासमोर ‘बरो आसां’ म्हणू नका: दिव्यांग दाखला आणि दयानंद योजनेच्या अर्जाबद्दल

आपल्याकडे कोणी ‘कशे आसात?’ विचारलं की तोंडून आपसूक ‘बरो आसां’ निघतं. घरात दुखणं असो, पाय ओढत चालावं लागत असो, उत्तर तेच. परक्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही आपली शिकवण. पण दिव्यांग दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर हीच शिकवण आड येते. समोरचे डॉक्टर दहा-पंधरा मिनिटांत तुम्हाला पाहणार, आणि ‘बरा आहे, स्वतःचं स्वतः करतो’ एवढं कानावर पडलं तर तेच कागदावर जाणार. मग दिव्यांगत्वाची टक्केवारी येते ३५, आणि ४० च्या आत राहिलं की पुढची बहुतेक दारं बंद.

अर्ज फेटाळला जाणाऱ्यांत खोटे दावे करणारे असतातच, पण खरोखर त्रास असलेली आणि तो त्रास कागदावर न आलेली माणसं पुष्कळ असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीला एक घोळ मिटवू. दिव्यांगत्वाचा दाखला मिळणं आणि गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन मंजूर होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीत डॉक्टर शरीराची किंवा मनाची मर्यादा मोजतात आणि टक्केवारी देतात. दुसरीत समाजकल्याण खातं तुमचा रहिवास, उत्पन्न, बँक खातं आणि आधी घेत असलेले लाभ तपासतं. पहिलीत अडलेल्याने मामलेदार कचेरीत चकरा मारून उपयोग नाही. दुसरीत अडलेल्याने पुन्हा मंडळाकडे धावण्यातही अर्थ नाही. फेटाळल्याचं पत्र हातात आलं की आधी कुठल्या पायरीवर अडलं ते वाचा.

दाखल्यापासून सुरू करू. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. हात, पाय, डोळे, कान एवढ्यावर यादी संपत नाही. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, स्वमग्नता, मनोविकार, अध्ययन अक्षमता, बरा झालेला कुष्ठरोग, ॲसिड हल्ल्याने झालेली इजा हे सगळं त्यात येतं. मधुमेह, हृदयविकार किंवा डायलिसिस यांची नावं त्या यादीत नाहीत. पण मधुमेहामुळे पाय कापावा लागला असेल तर तो पाय मोजला जातो. म्हणून अर्जात आजाराचं नाव लिहून थांबू नका. त्या आजाराने शरीराचं काय गेलं ते लिहा.

१ जून २०२१ पासून दाखला यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवरूनच काढावा लागतो. नाव, जन्मतारीख, फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि असल्यास जुना दाखला चढवायचा, मग रुग्णालय निवडायचं. इथे पहिली चूक होते. लोक घराजवळचं रुग्णालय निवडतात. शक्य असेल तर जिथे तुमचे उपचार झाले, जिथे जुने कागद आहेत, तेच निवडा. ऑपरेशन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात झालं असेल, तर मडगावच्या किंवा म्हापशाच्या मंडळाला तुमचा जुना केस पेपर आयता मिळणार नाही. तो तुम्हालाच न्यावा लागेल. मनोविकारासाठी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत उपचार चालू असतील तर तिथल्या ओपीडीचे कागद सर्वात वजनदार. अर्ज भरल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक छापून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतात.

मंडळ रोज बसत नाही. काणकोण, सांगे, पेडणे किंवा सत्तरीहून गाडी करून निघण्याआधी फोन करून दिवस आणि वेळ विचारा. आणि तारीख मिळाली की चुकवू नका. ऑक्टोबर २०२४ मधल्या दुरुस्त नियमांनुसार दाखला देण्याची मुदत आता तीन महिने आहे, आणि अर्जदाराकडून पुढे काही न झाल्याने दोन वर्षं निर्णय होऊ शकला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. यूडीआयडी कार्डाचे रंगही ठरले आहेत: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

केव्हा जायचं हेही महत्त्वाचं. पक्षाघात होऊन दोनच महिने झाले असतील आणि फिजिओथेरपी चालू असेल तर मंडळ थांबायला सांगतं, कारण अजून सुधारणेला वाव असतो. साधारण सहा महिने गेल्यावर, उरलेली कमजोरी स्थिर झाल्यावर गेलात तर टक्केवारी नीट लागते. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात जाऊनही उपयोग नाही. सुधारणा होण्याची शक्यता दिसली तर मुदतीचा दाखला मिळतो, नसेल तर कायमचा. मुदतीच्या दाखल्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तीन महिने आधी नूतनीकरणाला लागा. मुदत संपलेल्या दाखल्यावर मानधन थांबतं.

आता टक्केवारी कशी निघते ते. हे कळलं की निम्मी निराशा टळते.

डोळे चष्मा लावून तपासतात. म्हणून नंबर ताजा असलेला चष्मा घालून जा. ‘बिनचष्म्याचं काहीच दिसत नाही’ हा मुद्दा मोजमापात धरत नाहीत. कान मात्र श्रवणयंत्र काढून तपासतात. आधी कानातला मळ काढून घ्या, नाहीतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, परत करायला सांगतील. लहान मूल बोलून उत्तर देऊ शकत नसेल तर बेरा चाचणीचा (मुलाने उत्तर न देताही यंत्राने ऐकणं मोजणारी) रिपोर्ट जोडा.

सर्वात जास्त गैरसमज ‘एक डोळा’ आणि ‘एक कान’ यांत असतो. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धड असेल तर ३० टक्के मिळतात. एक कान पूर्ण बहिरा आणि दुसरा चांगला असेल तर हिशेब असा: चांगल्या कानाच्या बहिरेपणाची टक्केवारी गुणिले पाच, त्यात वाईट कानाची मिळवायची, सहाने भागायचं. म्हणजे शून्य गुणिले पाच, अधिक शंभर, भागिले सहा: साधारण १६.७ टक्के. दोन्हीपैकी एकही ४० ला पोचत नाही, आणि डॉक्टरने अन्यायही केलेला नसतो. पण हे दोन्ही एकाच माणसाला असतील तर? तेव्हा नुसती बेरीज करत नाहीत. नव्वदातून मोठी टक्केवारी वजा करा, त्याला लहान टक्केवारीने गुणा, नव्वदाने भागा आणि जे येईल ते मोठ्या टक्केवारीत मिळवा. ९० उणे ३० म्हणजे ६०. १६.७ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे ११.१. तीस अधिक ११.१ म्हणजे ४१. ही व्यक्ती पात्र ठरते! पण तिने अर्जात फक्त डोळ्याची खूण केली असेल, तर कान कोणी तपासणारच नाही. म्हणून अर्ज भरताना प्रत्येक त्रास वेगळा नोंदवा, ‘हे काय, वयाने ऐकू कमी येतं’ म्हणून सोडू नका. अपघातात पाय अधू झाला आणि डोक्याला मार लागून विसराळूपणा आला असेल, तर दोन्हींची तपासणी मागा.

हातापायांच्या बाबतीत डॉक्टर सांध्याचा कोन मोजतात आणि स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी लावतात. ‘दुखतं’ हे मोजता येत नाही. ‘गुडघा किती वाकतो’, ‘मूठ किती वळते’, ‘जिना चढता येतो का’ हे मोजता येतं. एक्सरे आणि एमआरआय कारण दाखवतात, टक्केवारी मात्र कामातल्या मर्यादेवरून ठरते. तपासणीला जाताना वेदनाशामक गोळी घेतली असेल तर सांगा. रोज वापरता ती काठी, वॉकर, पट्टा, बूट बरोबर न्या. एरवी काठीशिवाय न चालणारी म्हातारी आजी त्या दिवशी ‘लाज वाटते’ म्हणून नातवाच्या हाताला धरून आत जाते. तसं करू नका.

मनोविकारासाठी चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. पाचवा आकडा आजाराच्या काळाचा: गेल्या दोन वर्षांत किती महिने आजार होता यावर एक ते चार. अठरा महिन्यांहून जास्त असेल तर चार. एकूण वीस गुण, आणि सात किंवा त्याहून जास्त झाले की ४० टक्क्यांची रेघ ओलांडली जाते. म्हणजे दोन वर्षांचे ओपीडी कागद सलग असणं थेट गुणांत मोजलं जातं. गोळ्या खाजगी दुकानातून आणत असाल तर बिलं आणि चिठ्ठ्या ठेवा. पेशंटला एकटं पाठवू नका. आजार असलेला माणूस ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, हा आजाराचाच भाग असतो. घरात राहणाऱ्या माणसाने खरं सांगायला हवं. मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांकाची चाचणी आणि दैनंदिन वागणुकीची चाचणी दोन्ही लागतात.

मंडळाकडे जाण्याआधी एका कागदावर मराठीत, साध्या भाषेत लिहून काढा. ‘चालायला त्रास’ एवढं पुरत नाही. असं लिहा: घरापासून पंचायत घरापर्यंत चालताना तीनदा बसावं लागतं. कदंब बसची पायरी चढता येत नाही, कोणीतरी वर ओढावं लागतं. विहिरीवरून कळशी आणता येत नाही, तांब्याने पाणी घ्यावं लागतं. साडीच्या निऱ्या मुलगी घालून देते. पेज ढवळताना हातातला डाव दोनदा पडतो. रात्री लघवीला उठवायला माणूस लागतो. आठवड्यातून किती दिवस असं होतं ते बाजूला आकड्यात लिहा. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही सांगा, फुगवून काही सांगू नका. तपासणीत फुगवणं लगेच दिसतं, आणि फसवून लाभ घेतला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जे आहे ते पूर्ण सांगा, एवढंच मागणं आहे.

कागदांची फाईल तारखेप्रमाणे लावा, जुना सर्वात खाली. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, रिपोर्ट, ताज्या तीन महिन्यांतली एखादी ओपीडी चिठ्ठी. मूळ कागद दाखवा, प्रत द्या. मूळ कुठेच सोडून येऊ नका.

नावाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गोव्यात हा खास आपला प्रश्न आहे. पोर्तुगीज काळच्या किंवा त्या धाटणीच्या जन्मनोंदीत ‘गावकर’ हे ‘सी’ने लिहिलेलं, आधारवर ‘के’ने; ‘नाईक’ एका ठिकाणी ‘क्यू’ घालून, दुसरीकडे सरळ; बाईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. माणूस एकच असतो, पण संगणकाला तीन दिसतात. आधी आधारकार्ड दुरुस्त करा आणि मगच यूडीआयडीचा अर्ज भरा, कारण दाखला, बँक आणि मानधन तिन्ही आधारला चिकटतात. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक ठिकाणी वेगळी दुरुस्ती करत बसावं लागतं. अक्षरांचा लहान फरक असेल तर ‘एकच व्यक्ती’ असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र बहुधा चालतं. नावच बदलायचं असेल तर १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली रजिस्ट्रारकडे जावं लागतं. जन्मतारखेतला फरक प्रतिज्ञापत्राने सुटेल असं धरून चालू नका. जन्मदाखला हाच शेवटचा शब्द.

सिंधुदुर्गातून, म्हणजे दोडामार्ग-सावंतवाडीकडून इथे येऊन राहिलेल्यांनी लक्षात ठेवावं: तिथला दिव्यांग दाखला देशभर चालतो, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५८ मध्ये तसं स्पष्ट आहे. पुन्हा तपासणीला उभं राहायची गरज नाही, यूडीआयडीवर पत्ता बदलून घ्या. रहिवासाची अट मात्र राज्याची वेगळी असते.

आता दुसरी पायरी. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना समाजकल्याण खात्याची आहे, आणि दिव्यांगांसाठी आता राज्यात स्वतंत्र सक्षमीकरण खातंही आहे. अर्जाचा नमुना आणि चालू रक्कम खात्यातूनच घ्या, जुनी झेरॉक्स कोणाकडून मागून भरू नका. रहिवासाचा दाखला १५ वर्षांचा लागतो आणि तो मामलेदार कचेरीतून येतो. त्यासाठी लागणारे शाळेचे, मतदार यादीचे, वीजबिलाचे पुरावे एकाच पत्त्याचे नसतील तर मधल्या वर्षांचं काय ते आधी जुळवा. उत्पन्न कुटुंबाचं, दरडोई धरतात. वेगळा संसार मांडलेल्या मुलाचं नाव रेशनकार्डावर अजून तुमच्यासोबत असेल तर त्याचा पगार तुमच्या वाट्याला येतो आणि अर्ज तिथेच पडतो. शिधापत्रिका आधी वेगळी करून घ्या. पण तो खरंच वेगळा राहत असेल तरच. गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचं किंवा दुसरं सरकारी मानधन चालू असेल तर ते अर्जात लपवू नका. दुहेरी लाभ पुढे आधारवरून सापडतो आणि घेतलेले पैसे परत भरावे लागतात.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ७९ वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राची इंदिरा गांधी पेन्शन वेगळी आहे, केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. ७८ टक्क्यांवर अडलेल्याला दोन टक्क्यांचं महत्त्व तेव्हा कळतं.

पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत, अशी तक्रार खूप असते. बहुतेक वेळा कारण बँकेत असतं. खातं आधारशी जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभ त्याच खात्यात यावा अशी नोंद असणं वेगळं. दोन खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि घरचे जुन्या पासबुकात शोधत बसतात. बँकेत जाऊन विचारा: ‘माझा आधार थेट लाभासाठी कुठल्या बँकेशी जोडला आहे?’ दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं, तेही आधी जागं करा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीचा पर्याय मागा. मुलाचं आधार असेल तर पाचव्या आणि पंधराव्या वर्षीचं बायोमेट्रिक अद्ययावत झालं आहे का ते पाहा.

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुदिव्यांगत्व असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांची सही कायद्याने आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. अठरावा वाढदिवस यायच्या आधी सहा महिने कागद जमवायला घ्या, म्हणजे मानधन मध्येच तुटणार नाही. त्याच न्यासाचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, त्याचीही चौकशी करा.

फेटाळल्यावर काय? नकार लेखी आणि कारणासह मागा, तोंडी ‘होत नाही’ वर घरी येऊ नका. टक्केवारी पटत नसेल तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलात ‘अन्याय झाला’ लिहून काही हलत नाही. काय मोजलं गेलं नाही ते लिहा: ‘डावा कान तपासला नाही, सोबत १२ मार्चची ऑडिओमेट्री जोडली आहे’, असं. नवा रिपोर्ट नसेल तर आधी तो करून घ्या, मग अपील लिहा, पण ९० दिवस मोजत राहा. खात्याच्या बाजूने अर्ज लटकला असेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात तीन प्रश्न विचारा: माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, कुठल्या तारखेपासून आहे, कुठला कागद कमी आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आमदाराच्या किंवा पंचाच्या चिठ्ठीने टक्केवारी वाढत नाही. तो दिवस ऑडिओमेट्री करून घेण्यात घालवा.

मंजुरीनंतर हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, आणि थांबलेल्या मानधनाचं हे सर्वात साधं कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरच्याने खात्यात जाऊन विचारावं, घरी येऊन पडताळणी होते का. पोचपावती आणि दाखल्याची प्रत पासबुकाच्या आतल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी शोधावी लागणार नाही.